मिशन हॉस्पिटलचा कारभार हातात आलाय, सूट कुणाला द्यायची अन् पगार कुठून काढायचा?

जुना_बंगला:

सलाम. बरेच दिवस इथं नुसतं वाचायलोय, आज पहिल्यांदा लिहायलोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. गाव सांगत नाही, सांगितलं की उद्या कमिटीत विषय निघतो. गावात ६० खाटांचं जुनं मिशन हॉस्पिटल आहे, दगडी इमारत, पुढं चिंचा, मागं नर्सेसचं होस्टेल. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांची बाळंतपणं तिथंच झाली, आज्जी तिथं आया होती. मी बारा वर्षं संभाजीनगरला एका खासगी हॉस्पिटलात होतो, आधी बिलिंग मग ऑपरेशन्स. दीड वर्षाखाली कमिटीनं बोलावलं, म्हणले तू घरचा माणूस, ये अन् सांभाळ. बायको म्हणली नीट विचार कर. मी केला नाही अन् आलो.

आल्यावर कळलं की सिस्टर लोकांचे पगार दोन महिने थकलेत, औषधाच्या स्टॉकिस्टनं उधारी बंद केलीय, जनरेटरचं डिझेल रोजचं रोज कॅनमधी आणायचं. पूर्वी वरच्या संस्थेकडनं परदेशातला थोडाफार पैसा यायचा. २०२० ला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला, एका संस्थेनं घेतलेला परदेशी पैसा दुसरीला द्यायचा नाही असं झालं, आमचा झरा तिथंच आटला. चर्चच्या मंडळीची वर्गणी येते पण ती नाताळच्या रोषणाईला अन् कंपाउंडच्या भिंतीच्या फंडाला जाते. पगाराचा विषय काढला की कमिटीतले एक काका डोळे मिटून म्हणतात, देव पुरवील. मी पण विश्वासणारा आहे हो, पण ३० तारखेला सिस्टर लोक माझ्या केबिनच्या दाराशी येऊन उभ्या राहतात, काकांच्या नाही.

आता ज्याच्यामुळं लिहायलोय ते. ऑगस्टात रात्री साडेअकराला तांड्यावरनं एक बाई नवऱ्याला घेऊन आली. साप चावलेला, पाय मांडीपर्यंत सुजलेला, ग्रामीण रुग्णालयात लस संपली म्हणून इकडं धाडलेलं. ड्युटीवरच्या पोरानं, म्हणजे डॉक्टरनं, काही न विचारता सुरू केलं, दहा व्हायल पहिल्या तासात गेल्या. पण बाहेर काउंटरवर कॅशिअरनं तिला डिपॉझिट सांगितलं, दहा हजार. हा नियम मीच आणलेला, खासगीत शिकून. मी खाली आलो तर ती बाई काउंटरच्या जाळीखालनं डोरलं आत सरकवत होती अन् कॅशिअर ते परत बाहेर सरकवत होता. दोघंबी काही बोलत नव्हते. ती काळी पोत तेवढी आत-बाहेर, आत-बाहेर. अन् कॅशिअरच्या डोक्यावर भिंतीला वचनाची पाटी, आजाऱ्याच्या समाचाराला जाण्याबद्दलची, माझ्या आज्याच्या काळातली.

माणूस वाचला. चौथ्या रात्री दोघं न सांगता निघून गेले, बिल ४३ हजार राहिलं.

मी चिडलो, खोटं कशाला बोलू. सकाळी सूट रजिस्टर काढलं, म्हणलं बघू तरी वर्षाला आपण किती माफ करतो. दोन संध्याकाळी बसून वाचलं. माफी भरपूर आहे. पण नावापुढचे शेरे बघा: 'अमुक साहेबांचा फोन', 'पास्टर साहेबांनी सांगितलं', 'कमिटी मेंबरचे साडू', 'नगरसेवक', परत 'साडू'. ऊसतोडवाला, वीटभट्टीवाला, तांड्यावरचा, औषधालाबी सापडत नाही. ज्याच्याकडं फोन करायला माणूस आहे त्याला सूट अन् ज्याच्याकडं नाही त्यानं डोरलं काढायचं.

तर विचारायचं हे की डिपॉझिट बंदच करू का, केलं तर स्टॉकिस्टला काय देऊ. दुसरं, संभाजीनगरच्या एका तपासणी कंपनीनं तळमजला भाड्यानं मागितलाय, भाडं असं की पगार सुटतील, पण त्यांचा पीआरओ खेड्यापाड्यातल्या डॉक्टरांना पेशंट धाडण्याबद्दल कमिशनची पाकिटं देत फिरणार हे त्यांनी लपवलंबी नाही, 'मार्केटिंग' म्हणले. कमिटीतले निम्मे तयार आहेत. तिसरं बारीक आहे पण रोजचं आहे, सकाळी आठची प्रार्थना, निम्मा स्टाफ ख्रिस्ती नाही, नवे डॉक्टर म्हणतात ओपीडी उशिरा सुरू होते, जुने म्हणतात प्रार्थना काढली तर मग आपल्यात अन् बाकीच्यांत फरक काय.

कुणी असं काही चालवलंय का? प्रवचन नको, अनुभव सांगा.

रोखठोक_परभणी:

सगळे ट्रस्टवाले सारखेच. जमीन जुन्या काळात फुकटात मिळालेली, टॅक्समधी सवलत, नाव सेवेचं अन् सूट मेव्हण्या-साडूला. वर पेशंटच्या उशाला पुस्तकं ठेवायची ते वेगळंच. चालवायचं तर सरळ धंदा म्हणून चालवा नाहीतर सरकारला देऊन टाका. निदान तुम्ही रजिस्टर उघडून बघितलं, तेवढं मानलं.

मेट्रनबाई_निवृत्त:

बाळा सलाम. मला टाइप करायला वेळ लागतो, नातीनं आवाजावरनं टायपिंग लावून दिलंय, चुका असतील.

मी ३६ वर्षं मिशनच्या दवाखान्यात काढली, शेवटची अकरा मेट्रन. तुझी आज्जी आया होती म्हणतोस ना, आम्हाला अर्धी नर्सिंग अशा आया लोकांनीच शिकवली, ट्युटर पुस्तकातलं सांगायच्या अन् कळा आलेल्या बाईशी कसं बोलायचं ते आया सांगायच्या.

आमचे सुपरिटेंडंट होते त्यांची एक रीत सांगते. ते संध्याकाळी पाचनंतर एक राउंड घ्यायचे, त्यात नाडी बघायची नाही की केसपेपर नाही. खाटेच्या कडेला बसायचे अन् गप्पा मारल्यासारखं विचारायचे, जमीन किती, पाणी कुणाच्या विहिरीचं, बैल घरचे की सावड, खाणारी तोंडं किती. उठताना केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक आकडा लिहायचे. तो आकडा म्हणजे बिल. काउंटरवाला तेवढंच मागायचा, पेशंटला कळायचंबी नाही की आपल्याला सूट मिळाली. हात जोडायचा प्रश्नच नाही. अन् पूर्ण फुकट क्वचितच, कुणी पायलीभर ज्वारी आणायचं, कुणी शेंगा, ते किचनमधी जायचं. एकदा एक जण कोंबडा घेऊन आला, तो फीमेल वॉर्डात सुटला, तीन सिस्टर त्याच्या मागं, टाक्याच्या बाया हसून हसून रडायला लागल्या, असो.

सांगायचं हे की तुझी चूक डिपॉझिट ठेवलंस ही नाहीच. चूक ही की दहा हजार द्यायची ऐपत आहे का नाही हे तू त्या कॅशिअर लेकराला ठरवायला लावलंस, रात्री साडेअकराला, जाळीच्या मागनं. त्याला कुठं अधिकार आहे? तो डोरलं घेऊबी शकत नाही अन् जा आत म्हणूबी शकत नाही. सूट खाटेपाशी ठरली पाहिजे, काउंटरवर नाही. आता डॉक्टरला वेळ नाही तर एक समाजसेविका ठेव, एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची डिग्री, झालेल्या पोरी आपल्याकडं नोकरीसाठी फिरतात, एकीचा पगार काढ.

पगाराचं मात्र मी तुला माफ करणार नाही. बायबलात याकोबाच्या पत्रात आहे ना, कापणी करणाऱ्यांची अडवून धरलेली मजुरी ओरडते म्हणून? आम्ही तो अध्याय चॅपलमधी वाचायचो अन् त्याच महिन्यात आमचा पगार वीस दिवस उशिरा, अन् आम्ही सेवा म्हणून गप्प. आता वाटतं बोलायला पाहिजे होतं. सेवा सिस्टरनं केली, तिच्या पोराची फी कुणी भरली? तिच्या भावानं. म्हणजे दवाखान्याचा धर्मादाय तिच्या भावाच्या खिशातनं झाला. काकांना हे सांग.

प्रार्थनेचं, पावणेआठला दहा मिनिटं, ज्याला यायचं त्यानं यावं, हजेरीच्या वहीशी त्याचा संबंध ठेवू नको, आठला ओपीडीचं दार उघडलंच पाहिजे. पेशंटजवळ विचारल्याशिवाय नाही. आम्ही ऑपरेशनच्या आधी विचारायचो, करू का? नको म्हणले तर नको. एक मुसलमान आज्जी होत्या जालन्याकडच्या, मला म्हणल्या करो बेटी, जल्दी करो, मेरेकू डर लग रा. त्यांचा हात धरून केली, त्यांनी त्यांची केली. कुणाचं काय गेलं?

खतावणी:

ट्रस्टांची ऑडिटं करतो, वीस वर्षं झाली. घर वारकरी, दहावीपर्यंत शाळा मिशनची, त्यामुळं तुमच्या शास्त्रातल्या गोष्टी मला अजून तोंडपाठ आहेत.

मेट्रनबाईंचं पटलं पण पेन्सिलीचा आकडा मला ऑडिटला चालणार नाही, माफ करा बाई. सुपरिटेंडंट देवमाणूस होते तोवर ठीक, ते गेले की त्याच पेन्सिलीनं साडूचा आकडा पडतो. या साहेबांच्या रजिस्टरमधी नेमकं तेच झालंय.

आधी कायद्याचं. तुमचं हॉस्पिटल धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेलं असणार. मग ट्रस्ट कायद्याचं कलम ४१ एए अन् हायकोर्टानं २००६ ला लावून दिलेली योजना तुम्हाला लागू होते का ते पहिलं बघा, माझा अंदाज होते. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, अन् बाकीच्या पेशंटच्या बिलांतले २ टक्के निर्धन रुग्ण निधी म्हणून वेगळ्या खात्यात. या पेशंटकडनं डिपॉझिट मागायचं नसतं, अन् इमर्जन्सी असली तर आधी दाखल, कागद नंतर. म्हणजे त्या रात्री तुमच्या कॅशिअरनं जे मागितलं ते तुमच्या वचनाच्या पाटीला सोडून होतंच, नियमालाबी सोडून होतं. उगं वाईट वाटून घेऊ नका, निम्म्या ट्रस्टांत काउंटरवरच्या माणसाला ही योजना माहीतच नसते.

दुसरं, सूट अन् बुडीत एका वहीत लिहिता का? बहुतेक लिहीत असणार. ते वेगळं करा. सूट म्हणजे तुम्ही ठरवून दिलेली, बुडीत म्हणजे न विचारता गेलेली. दोन्ही मिसळलं की कमिटीला वाटतं आपण लई दानशूर, अन् खरं तर आपली वसुली ढिली असते. वर्षाच्या सुरुवातीलाच बजेटात सूट म्हणून रक्कम टाका, पगाराच्या खाली, डिझेलच्या वर. महिन्याची संपली की कमिटीनं ठराव करून वाढवायची किंवा स्वतः गोळा करायची. रक्कम लिहिली की बघा कसे फोन कमी होतात.

सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत आहात का? नसाल तर का नाही? २०१२ ला राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं नांदेड होतं, मी तेव्हापासनं तिचे क्लेम बघतोय. दर कमी आहेत, पैसे उशिरा येतात, हे सगळं खरं. म्हणूनच त्या भरवशावर पगार ठेवायचा नाही, तीन महिन्यांचा पगार बाजूला पडेल तेव्हाच योजनेचं काम वाढवायचं. पण गरिबाचं जे ऑपरेशन सरकार भरायला तयार आहे ते तुम्ही स्वतः बिल माफ करून करत असाल तर ते दान नाही, ते फॉर्म भरायचा कंटाळा आहे.

अन् ते देव पुरवील म्हणणारे काका. त्यांना बायबलातली शोमरोन्याची गोष्ट माझ्यातर्फे परत वाचायला सांगा. जखमी माणसाला त्यानं उतारशाळेत नेलं, रात्रभर बघितलं, अन् सकाळी उतारशाळेवाल्याला दोन नाणी काढून दिली, वर म्हणला जास्त लागले तर परत येताना देतो. उतारशाळेवाल्याला फुकट कर म्हणला नाही. शाळेत असताना हे कधी लक्षात आलं नव्हतं, ऑडिटं करायला लागल्यावर आलं. तुमचं हॉस्पिटल ही उतारशाळा आहे. दोन नाणी देणारा कोण ते कमिटीनं शोधायचं, तो नसला तर आपण होतो म्हणायचं.

काळी_माती:

सर्जन आहे, बीड जिल्ह्यात, स्वतःचं छोटं हॉस्पिटल. ख्रिस्ती नाही, विशेष देवभक्तबी नाही. फक्त पाकिटाबद्दल बोलतो, बाकीचं वर चांगलं आलंय.

भाऊ, तो तळमजला देऊ नका. भाड्याचा आकडा मी अंदाजानं सांगू शकतो कारण तीच ऑफर मलाबी आलती. तुम्ही म्हणाल पाकीट कंपनी देणार, आपण नाही. पण पाटी तुमची आहे. खेड्यातला डॉक्टर पेशंटला कंपनीत जा म्हणणार नाही, मिशनमधी जा म्हणणार, अन् त्याचे पैसे पेशंटच्या बिलातनंच निघणार. कमिशन देणं अन् घेणं दोन्ही मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेतच बंद आहे, पण त्याला कोण विचारतंय.

मी कट बंद केला तेव्हा पहिलं वर्षभर माझी ओपीडी निम्म्यावर आली. हे कुणी सांगत नाही. तत्त्वानं वागलं की लोक रांगा लावतात असं वाचायला मिळतं, तसं काही होत नाही. मी बायकोचे दागिने बँकेत ठेवले, भूल देणाऱ्या मित्राचे सहा महिने थकवले, त्यानं तोंडातनं शब्द काढला नाही, ते वेगळं. तिसऱ्या वर्षी पेशंट पेशंटला घेऊन यायला लागले. तेव्हा नाही म्हणायच्या आधी किती महिने तग धरता येईल ते मोजा, अन् मग नाही म्हणा.

२०१९ चं आठवतंय ना, आमच्या जिल्ह्यातल्या गर्भपिशव्यांचं? ऊसतोडीच्या बायांची पिशवी काढायचं प्रमाण बघून राज्यभर बोंब झाली, विधान परिषदेत प्रश्न आला, चौकशी समिती नेमली. लोक म्हणले डॉक्टर राक्षस. काही असतील. पण ते होतं कसं ते जवळनं बघा. बाईनं मुकादमाकडनं उचल घेतलेली, एक दिवस पडून राहिली तर खाडा, दंड. पाळीत कोयता चालत नाही, पांढरं जातंय, कंबर दुखतीय, ती स्वतःच येते अन् म्हणते काढूनच टाका डॉक्टर. आता तुम्ही काढली तर वीस-पंचवीस हजार मिळतात अन् बाईबी खूश. नाही काढली, गोळ्या देतो म्हणलं, तर ती पुढच्या दवाखान्यात जाते, अन् तिला तुमच्याकडं पाठवणारा परत कुणाला पाठवत नाही. नंतर आमच्याकडं सिव्हिल सर्जनची परवानगी लागायला लागली, बरं झालं. पण परवानगी लागत नव्हती तेव्हा तुमच्या सर्जननं काय केलं ते त्या वर्षांच्या ऑपरेशन रजिस्टरमधी बघा. सूट रजिस्टर बघितलं तसं. तिशीतल्या बाया किती होत्या ते मोजा.

मला मिशन हॉस्पिटलकडनं एवढंच पाहिजे. पेशंटजवळ प्रार्थना करा, नाहीतर करू नका. तिला पिशवी काढू नको म्हणणारा एक तरी डॉक्टर तालुक्यात पाहिजे, अन् त्याला त्या दिवशी टार्गेट कमी पडलं म्हणून कुणी बोलवायला नको.

लातूरचा_पाहुणा:

हा प्रश्न फक्त मिशनवाल्यांचा नाही हो. आमच्याकडं लातूरला विवेकानंद हॉस्पिटल १९६६ ला सुरू झालं, संभाजीनगरचं हेडगेवार १९८९ चं. विचार पूर्ण वेगळा, पण ध्येय म्हणून आलेल्या डॉक्टरांनीच काढलेली. तिथल्या लोकांशी बोला, लाजू नका. पगार, सूट, सकाळची प्रार्थना, तिन्ही डोकेदुख्या त्यांनाबी असणारच, फक्त प्रार्थना वेगळी.

रोखठोक_परभणी:

@काळी_माती डॉक्टर, हे पटलं. उशाच्या पुस्तकाबद्दल मी बोललो ते एका ठिकाणी बघितलेलं होतं, सगळीकडं असेल असं नाही.

पाळकाचं_पोरगं:

दादा, सगळे तुम्हाला हिशोब शिकवायलेत, मी जरा उलटं बोलतो.

तुमच्या काकांवर लगेच हसू नका. देव पुरवील म्हणत काम टाळणारे असतात, मान्य, मी त्यांच्यातच वाढलो. पण त्या शब्दाचा दुसराबी अर्थ आहे. जामखेड आपल्या बीडला लागूनच, नगर जिल्ह्यात. डॉ. रजनीकांत अन् डॉ. मेबल आरोळे वेल्लोरच्या मिशन मेडिकल कॉलेजात शिकले, वडाळा मिशनच्या दवाखान्यात होते, तिथं दिसलं की बरा करून पाठवलेला पेशंट तोच आजार घेऊन परत येतोय. अमेरिकेत जाऊन शिकून आले, म्हणजे मनात असतं तर तिकडंच राहता आलं असतं, अन् १९७० ला जामखेडला, गुरांच्या पडीक दवाखान्यात सुरुवात. मग १९७२ चा दुष्काळ. कुठल्या एमबीएनं हा प्रोजेक्ट पास केला असता? खेड्यातल्या, बऱ्याचशा अक्षरओळख नसलेल्या बायांना आरोग्याचं शिकवायचं, अन् त्यांतल्या कितीतरी अशा की ज्यांच्या हातचं पाणी गावात चालत नव्हतं. १९७९ ला मॅगसेसे मिळाला तेव्हा सगळे म्हणले वा. १९७० ला कोण म्हणत होतं?

पण हेबी बघा की ते फुकट वाटत बसले नाहीत. गावानं बोलवायचं, गावानं बाई निवडायची, गावानं हात लावायचा. वेल्लोरलाबी तेच. तिथल्या मिशनरी डॉक्टर आयडा स्कडर बाईंनी १९०० ला एका खाटेपासनं सुरुवात केली, पण ४० खाटांचं हॉस्पिटल उभं राहिलं ते न्यूयॉर्कच्या एका बँकरनं बायकोच्या आठवणीत दिलेल्या १० हजार डॉलरवर, अन् ते मागायला बाई स्वतः दारोदार गेल्या होत्या. मला वाटतं काकांचं वाक्य अर्धं आहे. देव पुरवील, अन् मागायला मी जाईन, असं म्हणले तर चालेल. त्यांना सोबत घेऊन फिरा. तालुक्यात आडत दुकानं किती, जिनिंगवाले किती, त्यांतल्या कितींचा जन्म तुमच्या लेबर रूममधला? त्यांना आजपर्यंत कुणी विचारलंच नसेल, कारण आपल्याला परदेशातनं यायची सवय लागली.

अन् एक सांगून टाकतो. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन अशाच एका दवाखान्यात झालं, बिल पूर्ण माफ, फोन बाबांनीच केला होता. आमची ऐपत होती. तुमचा तो 'पास्टर साहेबांनी सांगितलं' शेरा वाचला अन् जेवण गेलं नाही.

जुना_बंगला:

उशीर झाला, बारा दिवस झाले, माफ करा. सगळं दोन-दोनदा वाचलं. मेट्रनबाईंचं सकाळच्या प्रार्थनेत वाचून दाखवलं, नाव न घेता. पगाराच्या वाक्याला मागं बसलेल्या सिस्टर लोकांत कुणीतरी मोठ्यांदा आमेन म्हणलं अन् मग सगळं चॅपल हसलं.

इमर्जन्सीला डिपॉझिट बंद केलं. ठरवून करायच्या ऑपरेशनला ठेवलंय. काउंटरवर धर्मादाय योजनेचा बोर्ड लावला, मराठीत, मोठ्या अक्षरात, कॅशिअरलाच वाचायला लावला, तो म्हणला सर हे आधी सांगितलं असतं तर त्या रात्री मी घरी जाऊन रडलो नसतो. मला माहीत नव्हतं तो रडला होता म्हणून.

कमिटीची मीटिंग चार तास चालली. पगारासाठी भिंतीच्या फंडाची एफडी मोडली, एक महिन्याचा दिला, दुसरा अजून बाकी आहे. तळमजल्याला सहा विरुद्ध पाच मतांनी नाही, म्हणजे पुढच्या मीटिंगला परत येणार हे धरून चाललोय. आम्ही किती महिने तग धरू शकतो ते मोजलं, साडेतीन निघाले. @काळी_माती डॉक्टर, तुमचं वर्ष माझ्याकडं नाही. पिशव्यांचं रजिस्टर काढायला सांगितलंय, जुन्या वह्या गोडाऊनमधी आहेत, दोन वाळवीनं खाल्ल्या.

मजा झाली ती सूट समितीवर. समाजसेविका, मेट्रन अन् एक डॉक्टर असे तिघं ठरवणार, कमिटी मेंबर त्यात नको, असं मी मांडलं. काका म्हणले मग आमच्या फोनला काही किंमतच नाही का? पास्टर साहेब आतापर्यंत गप्प होते, ते म्हणले आहे ना, फोन करणाऱ्यानं बिलाचा चौथा हिस्सा स्वतः भरायचा, माझ्यासकट. ठरावात तसंच लिहिलं. गेल्या आठ दिवसांत दोनच फोन आले, एक रॉँग नंबर होता. काकांनी मात्र आडत बाजारात माझ्यासोबत यायचं कबूल केलंय, सोमवारी जायचंय, बघू.

एक शेवटचं @खतावणी साहेबांना. त्या तांड्यावरच्या बाईचे ४३ हजार वसुलीत लागलेत, पत्ता शोधून नोटीस पाठवायची यादी ऑफिसनं केलीय, त्यात तिचं नाव आहे. दिलेला नंबर बंद आहे, कारखाने सुरू झाले, ते दोघं आता कुठल्यातरी फडात असणार. समितीनं ती सूट धरायला हरकत नाही म्हणलंय. मी ऑगस्टातल्या पानावर, ती आली त्या तारखेला, बुडीत खोडून सूट लिहू का?

खतावणी:

अजिबात नाही. मागच्या तारखेनं काही लिहायचं नाही अन् खोडायचं तर मुळीच नाही, मीच उद्या तुम्हाला धरीन. समितीचा ठराव आजच्या तारखेनं करा, कारण लिहा, तिघांच्या सह्या घ्या अन् आजच्या पानावर सुटीत घ्या. उत्पन्नाचा दाखला नाही, तेव्हा २ टक्क्यांच्या निधीतनं घेऊ नका, बजेटातल्या सुटीतनं घ्या. नोटिसांच्या यादीतनं नाव आधी काढा, ठराव नंतर झाला तरी चालेल.

जुना_बंगला:

काढलं. ठराव उद्या करतो, मेट्रन आज नाइटला आहेत.